लहान धावपट्टीच्या कडेला पडून असलेले एचटी-2 विमान: अशा जुन्या लष्करी विमानांचे पुढे काय होते?

सह्यवारा

नमस्कार. आमच्या जिल्ह्यात एक लहान धावपट्टी आहे. तिच्या कुंपणाच्या आत, वापरात नसलेल्या शेडच्या मागे, एचटी-2 जातीचे एक जुने प्रशिक्षण विमान उघड्यावर पडून आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ते पूर्वी एका शिक्षणसंस्थेकडे आले होते. ती संस्था तेथून हलली आणि विमान मागे राहिले. पंखांवरचा रंग सोलून निघाला आहे, बैठकीवरचे पारदर्शक आवरण फुटले आहे, चाके मातीत रुतली आहेत आणि पावसाळ्यात गवत पंखांना टेकते.

हे विमान साधे नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्याची आखणी झाली, 1951 च्या ऑगस्टमध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले, आणि भारतात आखले जाऊन दीडशेहून अधिक संख्येने बांधले गेलेले ते पहिले विमान ठरले. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर उडायला शिकल्या; नौदलात आणि उड्डाण मंडळांतही ते होते. एका मराठी अभियंत्याच्या हातचे हे काम आमच्या डोळ्यांसमोर मातीत जात आहे, याचे मला फार वाईट वाटते.

अशा विमानांचे पुढे काय होते, आणि ती वाचतात तेव्हा नेमकी कशामुळे वाचतात, हे जाणकारांनी सांगावे. आम्ही चार-पाच जण हातपाय हलवायला तयार आहोत. मात्र सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. काही मित्रांचे म्हणणे आहे की लोकवर्गणी काढून ते पुन्हा उडवण्याचाच संकल्प करावा.

इतिहासवाचक

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर शोधण्यासाठी कानपूरच्या चकेरी विमानतळाची कथा पाहावी असे मी सुचवतो, कारण टाकून दिलेल्या लष्करी विमानांचे जे जे होऊ शकते ते सगळे तिच्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने उसनवारीच्या कराराने ब्रिटिश हवाई दलाला दिलेली बी-24 लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने युद्ध संपल्यावर चकेरीला आणून उभी केली गेली. ती ठेवून घ्यायची तर पैसे मोजावे लागणार होते, म्हणून ब्रिटिशांनी ती निकामी करून तेथेच सोडली. इंजिनांत वाळू ओतणे, उपकरणे फोडणे, सांगाड्यांना अवजड वाहनांचे धक्के देणे असे प्रकार त्यासाठी केले गेले, असे त्या काळाचे वृत्तान्त सांगतात. फाळणीनंतर भारतीय हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि परदेशातून नवी विमाने मिळणे अवघड होते. तेव्हा 1948 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारण्यात आले की चकेरीच्या त्या ढिगातून काही उभे करता येईल का.

आता कंपनीची पार्श्वभूमी लक्षात घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने ती डिसेंबर 1940 मध्ये स्थापन केली, आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर चालले. त्यामुळे अमेरिकी बांधणीची विमाने उघडून पुन्हा जोडण्याची सवय असलेले कारागीर बंगळूरला आधीपासूनच होते. शिवाय लिबरेटरची इंजिने प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या ज्या कुळातली होती, त्याच कुळातली इंजिने हवाई दलाच्या डाकोटा या वाहतूक विमानांनाही होती. परदेशी तज्ज्ञांनी ज्या विमानांवर पाणी सोडले होते, ती आपल्या माणसांनी एकाचे भाग दुसऱ्याला लावत कानपूरला जेमतेम उडण्याजोगी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली, आणि तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर पाचवी स्क्वाड्रन स्थापन झाली, पुढे सागरी टेहळणीसाठी सहाव्या स्क्वाड्रनलाही ती मिळाली, आणि 1968 च्या अखेरीपर्यंत ती सेवेत राहिली. तोवर जगातल्या इतर सगळ्या हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढली होती.

आपल्या एचटी-2 शी याचा आणखी एक धागा जुळतो, तो असा की 1951 मध्ये त्याचे पहिले उड्डाण करणारे वैमानिक हेच मुन्शी होते.

1968 नंतर या विमानांवर दुसऱ्यांदा टाकून दिले जाण्याची वेळ आली, आणि या वेळी त्यांच्या वाटा फुटल्या. एक आज दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. एक 1968 मध्ये कॅनडाला गेले, एक 1969 मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला, आणि एक 1974 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाकडे. आणखी एक विमान भारतात 1981 पर्यंत पडून होते. ते एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेऊन सुटे करून नेले, 1984 मध्ये ते एका अमेरिकी प्रतिष्ठानाकडे गेले आणि 1989 मध्ये पुन्हा आकाशात झेपावले. जी विमाने कोणी मागितली नाहीत, ती भंगारात गेली. यंत्रे तीच होती आणि त्यांचे वयही तेच होते. फरक एवढाच की काहींसाठी एखाद्या संस्थेने नावानिशी मागणी केली, कागद केला आणि विमान ताब्यात घेतले.

भरारी_नाशिक

माझी नोकरी विमानांच्या सांगाड्यांच्या दुरुस्तीत गेली, म्हणून मी धातूबद्दल बोलतो.

विमानाचे ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबूस गंजत नाही, त्यामुळे लोकांना वाटते की ते टिकते. प्रत्यक्षात विमानासाठी वापरला जाणारा मिश्रधातू तांबे मिसळून बळकट केलेला असतो, आणि तांब्यामुळेच तो ओलाव्याला लवकर बळी पडतो. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. तो जोवर शाबूत आहे तोवर आतला धातू सुरक्षित असतो. रिव्हेटच्या भोवती, जोडांच्या फटीत आणि पोलादी बोल्ट जेथे ॲल्युमिनियमला टेकतात तेथे आधी पांढरी भुकटी दिसू लागते. पुढे जाड भागांचे पदर सुटतात, आणि मग बाहेरून रंगवलेला पंख आतून पोकळ झालेला असतो. चाकांच्या चकत्या पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात. त्या ओल्या मातीत सर्वांत आधी जातात.

विमान उडत असते तेव्हा पंखात शिरलेले पाणी खालच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. विमान जमिनीवर पडून राहिले की पानगळ, माती, पाखरांची घरटी आणि गांधीलमाश्यांची मातीची घरे यांनी ती छिद्रे बुजतात, आणि पंखाच्या पोटात पाणी साचून राहते. म्हणून आपण ताबा मिळवल्यावर पहिल्या दिवशी करायचे काम हेच की खालच्या अंगाची सगळी छिद्रे शोधून बारीक तारेने मोकळी करायची. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्याला पैसा लागत नाही, आणि त्याने विमानाचे आयुष्य जितके वाढते तितके नव्या रंगाने वाढत नाही.

त्यानंतर गवत काढावे, चाकांवरचा भार उतरवून विमान नेमून दिलेल्या आधारबिंदूंवर लाकडी ठोकळ्यांवर घ्यावे, आणि गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावे. दाबाच्या फवाऱ्याने धुऊ नये, कारण तो पाणी जोडांच्या आत घुसवतो. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नये. तिच्याखाली वाफ कोंडते आणि उघड्यावर होईल त्याहून जास्त नुकसान होते. शक्य असल्यास चार खांबांवर पत्र्याचे साधे छप्पर घालावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सगळ्यांत वाईट उपाय म्हणजे उत्साहाने छिद्रे सिमेंटने बुजवून वर तेलरंग फासणे. नुसत्या प्रेमापोटी हे केलेले मी पाहिले आहे, आणि त्या विमानाचे पंख नंतर हाताने दाबले तरी आत जात होते.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी. जुन्या घड्याळांच्या व मापकांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. त्या उघडू नयेत, खरवडू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. आपले विमान पंख्याचे आहे, त्यामुळे दुसरा धोका त्यात नाही. पण जेट विमानांच्या बाबतीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनात स्फोटक नळकांडी असतात, आणि ती काढलेली आहेत याची हवाई दलाकडून लेखी खात्री झाल्याशिवाय कोणीही आत बसू नये.

मांडवीकाठ

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात गेलात तर आवारातले सुपर कॉन्स्टेलेशन जरूर पाहा. एअर इंडियाने 1950 च्या दशकात प्रवासी विमाने म्हणून घेतलेली ही जात पुढे हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे वर ज्या स्क्वाड्रनचा उल्लेख आला तिच्याकडेच, सागरी टेहळणीसाठी गेली. 1976 मध्ये ही जबाबदारी नौदलाने घेतली तेव्हा विमाने गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर आली. इतके मोठे विमान छपराखाली घेणे सोपे नाही, आणि तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस व बारा महिने खारा वारा असतो. तरीही ते उभे आहे, याचे कारण त्याच्यामागे एक चालती संस्था आहे आणि पावसाळ्याच्या आधी त्याच्याकडे पाहणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे.

पुणेकर_अ‍ॅरिझोना

इतिहासवाचक यांनी उल्लेखिलेले अ‍ॅरिझोनाचे लिबरेटर टूसॉन शहरातील पीमा संग्रहालयात आहे, आणि मी ते पाहिले आहे. भारतीय हवाई दलातल्या त्याच्या वीस वर्षांचा उल्लेख तेथे आहे, हे वाचताना छाती भरून येते. टूसॉनला वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि जमीन कडक व कोरडी आहे. अमेरिकी लष्कराने निवृत्त विमाने ठेवण्यासाठी हीच जागा निवडण्याचे कारण ते आहे.

माझे मत कित्येकांना आवडणार नाही, तरी मांडतो. जे विमान येथे जपले जात नाही ते परदेशी संग्राहकाला देण्यात गैर काय आहे? 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून बरीच स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही जुनी ब्रिटिश लढाऊ विमाने ब्रिटनला गेली. ती येथे राहिली असती तर आज त्यांचा पत्राही दिसला नसता.

इतिहासवाचक

आपला मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे आणि त्यामागची कळकळही मला समजते. स्पिटफायर व टेम्पेस्ट भारतात बांधलेली नव्हती आणि त्यांना ब्रिटनमध्ये तितकाच जवळचा वारसा होता, म्हणून त्यांचे जाणे मी समजू शकतो. एचटी-2 ला मात्र भारताबाहेर जवळचे कोणी नाही. ते येथे गेले तर सगळीकडून गेले.

कायद्याची बाजूही कच्ची आहे, हे सर्वांनी जाणून घ्यावे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू सामान्यतः किमान शंभर वर्षे जुनी असल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही. म्हणजे 1944 चे लिबरेटर असो वा 1951 नंतरचे एचटी-2, त्या कायद्याचे संरक्षण आज कोणालाच मिळत नाही. सरकारी निर्लेखन झाले, म्हणजे विमान नोंदवहीतून कमी केले गेले, लिलाव झाला आणि भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचलले, तर त्यात बेकायदा काहीच नसते.

गगनवेध

वर्गणी काढून उडवण्याच्या कल्पनेविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या मते धोका तेथे आहे.

हवाई दलाच्या ताफ्यात 2018 मध्ये दाखल झालेल्या डाकोटाचे उदाहरण घ्या. 1944 साली बांधलेले ते विमान तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी मिळवले, आपले वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे डाकोटाचे वैमानिक होते या नात्याने स्वखर्चाने ब्रिटनमध्ये दुरुस्त करवले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यावर व्हीपी905 हा क्रमांक आहे; 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. 2018 च्या एप्रिलमध्ये हे भेटीचे विमान ब्रिटनहून स्वतःच्या बळावर उडत जामनगरला पोहोचले. हे घडायला भेटीचा प्रस्ताव आणि तिचा स्वीकार यांच्यामध्ये वर्षे गेली, आणि तेही अशा विमानाच्या बाबतीत ज्याचे हजारो भाऊबंद जगभर होते, ज्याचे सुटे भाग अजून मिळतात आणि ज्याची दुरुस्ती हाच धंदा असलेल्या कार्यशाळा युरोपात आहेत. एचटी-2 च्या बाबतीत यातले काहीही नाही. वर्षानुवर्षे मातीत राहिलेला पंख उडण्यायोग्य करायचा म्हणजे त्याची हाडे नव्याने बनवायची.

उडवण्याचा संकल्प सोडला की खर्च आवाक्यात येतो. मला खरी भीती अशी वाटते की उडवण्याच्या नादात विमान सुटे केले जाते, इंजिन एका गावी, पंख दुसऱ्या गोदामात, आणि वर्गणी आटली की ते पुन्हा कधी जोडले जात नाही. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत आठवा. मुंबईत ती संग्रहालय म्हणून बरीच वर्षे उभी होती, लोकांचे तिच्यावर प्रेम होते, तिच्यासाठी मोहिमा झाल्या, याचिका न्यायालयात गेल्या. तरीही 2014 मध्ये ती मुंबईतल्या दारूखाना येथील जहाजतोडणीच्या जागी तोडली गेली, कारण दरवर्षीच्या खर्चाचा भार उचलणारा धनी सापडला नाही. विमान त्याहून फार लहान आहे, त्यामुळे असा धनी सापडणे येथे शक्य कोटीतले आहे. म्हणून माझा आग्रह असा की आधी धनी शोधा आणि मग दुरुस्तीकडे वळा.

सह्यवारा

सर्वांचे मनापासून आभार. उडवण्याचा विचार आम्ही बाजूला ठेवत आहोत. आता दोनच शंका. मालकी कोणाची आहे हे धावपट्टीवर कोणालाच सांगता येत नाही. संस्था म्हणते आमच्याकडे कागद नाहीत. अशा वेळी काय करावे? आणि जवळच्या एका महाविद्यालयाने आपल्या अभियांत्रिकी विभागाच्या आवारात छप्पर घालून विमान ठेवण्याची तयारी दाखवली, तर ते रस्त्याने नेता येते का?

गगनवेध

मालकी ठरेपर्यंत एक बोल्टही काढू नका; चांगल्या हेतूने केलेले कामही चोरी ठरू शकते. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. शेपटीवरचा क्रमांक, सांगाड्यावरची आणि इंजिनावरची धातूची ओळखपट्टी यांची वाचता येतील अशी छायाचित्रे विशेष महत्त्वाची आहेत, कारण या पट्ट्या शौकीन लोक उचकटून नेतात आणि त्या गेल्या की विमानाचा इतिहास सिद्ध करता येत नाही. सर्वांगाची छायाचित्रे कुठेही टाका, मात्र ठिकाण आणि ओळखपट्ट्या सार्वजनिक करू नका.

मग त्या क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. एक धावपट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडे, आणि ते विमान पूर्वी ज्या दलाकडे वा उड्डाण मंडळाकडे असेल त्यानुसार एक तिकडे. उड्डाण मंडळ खासगी असेल तर त्याला साधे पत्र पाठवा. प्रश्न नेमके विचारा: हे विमान कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, कोणाला दिले, कायमचे दिले की प्रदर्शनापुरते, आणि त्याचे निर्लेखन झाले आहे का. प्रदर्शनापुरते दिले असेल तर मालकी अजून देणाऱ्याचीच असण्याचा संभव असतो, आणि तसे निघाले तर ती चांगलीच बातमी समजा, कारण मग महाविद्यालयाला थेट त्याच कार्यालयाकडे ताबा बदलून मागता येईल. बंगळूरच्या एचएएल (म्हणजे पूर्वीची हिंदुस्थान एअरक्राफ्ट) कंपनीच्या संग्रहालयालाही पत्र लिहा. तेथे एचटी-2 आहे आणि मूळ रेखाटने वा देखभालीच्या पुस्तिका कोणाकडे असू शकतील हे विचारण्याची ती योग्य जागा आहे.

हे सारे लवकर करा, असे आणखी एका कारणासाठी सांगतो. 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 हे लढाऊ जेट विमान चंदीगडला निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मोठ्या संख्येने बांधलेली ती विमाने आता गावोगावच्या चौकांत आणि महाविद्यालयांत मागितली जातील, आणि जुन्या लहान विमानांकडे अधिकाऱ्यांचे लक्ष आणखी कमी जाईल.

भरारी_नाशिक

वाहतुकीविषयी. पंख जोडलेले ठेवून रस्त्याने नेणे शक्य नाही, ते काढावेच लागतील. पंखाच्या मुळाशी असलेले मुख्य बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने धरलेले असतात. त्यांवर घण घालू नये आणि गॅसची ज्योत तर अजिबात लावू नये, कारण उष्णतेने भोवतीच्या मिश्रधातूचे बळ जाते आणि तो पुन्हा कधी भार पेलत नाही. भेदक तेल घालून आठ-दहा दिवस थांबावे, रोज पुन्हा घालावे, आणि मग हळूहळू फिरवून पाहावे. बोल्ट सोडण्याआधी पंखाच्या टोकाला व मध्यावर गादी लावलेले आधार द्यावेत. शेपटीचा आडवा भागही सोडवावा. प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि खिळ निघेल त्या क्रमाने वेगळ्या पिशवीत घालून, कोणत्या बाजूचा व कोणत्या छिद्राचा ते लिहून, पिशवी त्या भागालाच बांधावी. ट्रकमध्ये पंख आडवे टाकू नयेत. पुढची कड खाली करून, लाकडी चौकटीत, कापडी पट्ट्यांनी उभे बांधावेत. दोरखंडाने आवळल्यास पत्रा दबतो.

हे काम पावसाळा संपल्यावर, जमीन कडक झाल्यावर करावे, आणि तोवर छिद्रे मोकळी करण्याची व चाकांवरचा भार उतरवण्याची लेखी परवानगी तेवढी धावपट्टीच्या कार्यालयाकडून मागून घ्यावी. महाविद्यालयातल्या छपराची रुंदी ठरवताना पंख पुन्हा जोडून विमान पूर्ण मापात उभे राहील, इतकी जागा आत्ताच मागा.